प्रत्यारोपित यकृताची अरुंद झालेली धमनी व तिच्यावरील उपचार : एक ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : कामोठे, ता. पनवेल, जि. रायगड)

प्रस्तावना

शीव-पनवेल महामार्गालगतचे कामोठे हे आज पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट लोकवस्तीचे उपनगर आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, तेव्हा ते तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील भातशेतीचे गाव होते. भूसंपादन, जानेवारी १९८४ मधील जासई परिसरातील शेतकऱ्यांचा लढा व त्यात गोळीबाराला बळी पडलेले पाच शेतकरी, त्यानंतरचे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण, उपनगरी रेल्वे आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आलेली महानगरपालिका या क्रमाने या परिसराचा इतिहास सांगितला जातो. या इतिहासात एक धागा आरोग्यव्यवस्थेचाही आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेले महात्मा गांधी मिशनचे वैद्यकीय महाविद्यालय कामोठ्यात आहे, आणि २००६ मध्ये या संस्थेच्या आरोग्यविज्ञान शाखेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एका पिढीपूर्वी भाताची खाचरे असलेल्या भूमीवर आता शवविच्छेदनाची दालने, सोनोग्राफी कक्ष आणि अतिदक्षता विभाग उभे आहेत.

अशा उपनगरातील एखाद्या रहिवाशाचे यकृत मुंबईतील मोठ्या रुग्णालयात बदलले जाते आणि काही आठवड्यांनी तो घरी परततो. वृत्तपत्रांच्या दृष्टीने तेथे कथा संपते. वैद्यकशास्त्राचा इतिहास मात्र निराळे सांगतो. बदललेले यकृत जिवंत राहणे हे काही मिलिमीटर रुंदीच्या एका धमनीवर आणि ती जेथे शिवली त्या सांध्यावर अवलंबून असते. तो सांधा कालांतराने अरुंद होऊ शकतो, आणि बऱ्याचदा रुग्णाला त्याची काहीही जाणीव होत नाही. यकृत प्रत्यारोपणाचा इतिहास सामान्यतः थोर शल्यविशारदांच्या धाडसाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. प्रस्तुत लेखात तो या एका सांध्याच्या अनुषंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. प्रत्यारोपित यकृताच्या धमनीचे महत्त्व कसे लक्षात येत गेले याचा मागोवा घेणे.
२. अरुंद धमनीचे निदान व उपचार यांच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
३. महाराष्ट्रातील प्रत्यारोपण व्यवस्थेच्या पार्श्वभूमीवर कामोठ्यासारख्या ठिकाणाचे स्थान निश्चित करणे.

यकृताचा दुहेरी रक्तपुरवठा

यकृताला दोन मार्गांनी रक्त मिळते. आतड्यांतून अन्नरस घेऊन येणारी पोर्टल शीर सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आणते. उरलेले एक-चतुर्थांश रक्त यकृत धमनी आणते. धमनीचे रक्त प्रमाणाने कमी असले तरी ते प्राणवायूने समृद्ध असते, त्यामुळे यकृताला मिळणाऱ्या प्राणवायूचा जवळजवळ निम्मा भाग तिच्याकडून येतो. निरोगी माणसात ही धमनी बंद पडली तरी शेजारच्या लहान रक्तवाहिन्या बहुधा भार उचलतात. प्रत्यारोपणात मात्र जुने यकृत काढताना हे सारे आडमार्ग कापले जातात, आणि नव्या यकृतातील पित्तनलिका सर्वस्वी या एका धमनीच्या आधाराने जगतात. धमनी अरुंद झाली की पहिला घाव पित्तनलिकांवर बसतो. त्या आकसतात, पित्त साचते, जंतुसंसर्ग होतो, यकृतात गळवे होतात आणि अखेरीस प्रत्यारोपित यकृत निकामी होऊ शकते.

या धमनीची रचना सर्वांमध्ये सारखी नसते, ही दुसरी अडचण आहे. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलस मिशेल्स यांनी २०० मृतदेहांच्या विच्छेदनातून यकृताच्या धमन्यांचे दहा प्रकार नोंदविले. पाठ्यपुस्तकात दाखविली जाणारी रचना त्यांना जेमतेम निम्म्याहून थोड्या अधिक देहांत आढळली. दात्याच्या शरीरातून यकृत काढताना अशी एखादी वेगळी शाखा नजरेतून सुटली व दुखावली, तर पुढील अडचणीचे बीज तेथेच पडते. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांना १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमामुळे अभ्यासासाठी मृतदेह मिळण्याची कायदेशीर सोय झाली. विच्छेदनाच्या टेबलावर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जे शिकतो, त्याचा प्रत्यारोपणाशी असलेला संबंध असा थेट आहे.

रक्तवाहिनीच्या शिवणीचा इतिहास

२४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिआँ शहरात सुरीहल्ला झाला. वार यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेवर बसला आणि रक्तस्रावाने त्यांचा मृत्यू झाला. फाटलेली मोठी रक्तवाहिनी शिवता येत नाही, असा त्या काळचा समज होता. त्याच शहरात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या अलेक्सी कारेल या तरुणाला हा समज पटला नाही. त्याने बारीक सुई व रेशमी धाग्याचे काम एका भरतकाम करणाऱ्या स्त्रीकडून शिकून घेतले असे सांगितले जाते. १९०२ मध्ये त्याने रक्तवाहिनीची दोन टोके जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. गोल तोंडाला तीन टाके घालून ते ताणले की वर्तुळाचा त्रिकोण होतो, आणि तीन सरळ बाजू शिवणे सोपे जाते. या कार्यासाठी कारेल यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्यारोपणाचे सारे शास्त्र या शिवणीवर उभे आहे, आणि तिच्या मर्यादाही त्याने वारशात घेतल्या आहेत. टाका घट्ट बसणे, चिमट्याने वाहिनीचे आतले अस्तर दुखावणे, दाता व रुग्ण यांच्या वाहिन्यांच्या मापांत तफावत असणे, वाहिनी गरजेपेक्षा लांब राहिल्याने तिला मुरड पडणे ही सांधा अरुंद होण्याची प्रमुख कारणे होत. कर्करोगासाठी आधी धमनीतून औषध सोडण्याचे उपचार झालेले असतील, तर धमनीचे अस्तर मुळातच नाजूक झालेले असते. म्हणजेच दोष नेहमी हाताचाच असतो असे नाही; शिवणीच्या जागी व्रण भरून येणे ही शरीराची स्वाभाविक क्रियाही वाट अरुंद करू शकते.

प्रत्यारोपणाचा आरंभ आणि धमनीची दखल

१ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी तीन वर्षांच्या मुलावर पहिले यकृत प्रत्यारोपण केले. रक्तस्राव न थांबल्याने तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावला. त्यानंतरचेही प्रयत्न फसल्याने काही काळ हे काम स्थगित ठेवण्यात आले. १९६७ मध्ये मात्र त्यांच्या हातून झालेल्या प्रत्यारोपणानंतर एक बालिका वर्षाहून अधिक काळ जगली. १९६८ मध्ये रॉय काल्न यांनी इंग्लंडमधील केंब्रिज येथे कार्यक्रम सुरू केला. शरीराने परके यकृत नाकारणे हा त्या काळातील मोठा प्रश्न होता. एका बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरीनचा वापर काल्न यांनी १९७८ पासून रुग्णांवर सुरू केला आणि १९८३ मध्ये त्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढे जपानमधील मातीत आढळलेल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळाले.

औषधांनी नकाराचा प्रश्न आवाक्यात आणल्यावर धमनीचा प्रश्न ठळक झाला. रुग्ण जगू लागले म्हणूनच त्यांच्या धमन्या बंद पडताना दिसू लागल्या. १९८५ मध्ये पिट्सबर्ग येथील त्झाकिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी धमनीत गुठळी होऊन ती बंद पडल्यावर दिसणारी तीन रूपे नोंदविली : यकृताचा झपाट्याने होणारा नाश, काही काळाने होणारी पित्तगळती आणि पुन्हापुन्हा होणारा रक्तातील जंतुसंसर्ग. पूर्ण बंद पडलेल्या धमनीवर तेव्हा बहुधा पुन्हा प्रत्यारोपण हाच उपाय उरत असे. ज्या देशात एका अवयवासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, तेथे ‘दुसरे यकृत’ हा उपाय कागदावरच राहतो. म्हणून धमनी पूर्ण बंद पडण्याआधी, ती अरुंद होत असतानाच ओळखणे यास निर्णायक महत्त्व आले.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

प्रत्यारोपणाची उमेद महाराष्ट्रात नवी नाही. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेतील जगातील पहिल्या हृदय प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. शल्यकौशल्य होते; मात्र नकार रोखणारी प्रभावी औषधे नव्हती आणि मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदाही नव्हता.

हा कायदा मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ या स्वरूपात आला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या पहिल्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. अवयवांचा व्यापार हा गुन्हा ठरला व मेंदूमृत्यूस मान्यता मिळाली. १९९८ मध्ये दिल्ली येथे वडिलांच्या यकृताचा भाग देऊन एका बालकावर झालेले प्रत्यारोपण यशस्वी ठरले. ते बालक पुढे स्वतः डॉक्टर झाले. २००० मध्ये मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र स्थापन झाले. नवी मुंबई व पनवेलचा परिसर त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो.

भारतातील बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे आजही जिवंत नातलगांच्या दानातून होतात. आई, बहीण, पत्नी, मुलगा यांपैकी कोणी तरी आपल्या यकृताचा भाग देतो. या पद्धतीत मिळणारी धमनी आखूड आणि अधिक बारीक, बऱ्याचदा दोन ते तीन मिलिमीटरची असते. क्योटो विद्यापीठातील कोइची तानाका यांच्या चमूने १९९० मध्ये जिवंत दात्याच्या यकृताची प्रत्यारोपणे सुरू केली आणि १९९२ च्या सुमारास धमनी जोडण्यासाठी शल्यसूक्ष्मदर्शकाचा वापर केला. त्यामुळे गुठळी होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. भारतातील प्रत्यारोपणाचे स्वरूप पाहता क्योटोचा हा धडा येथे विशेष मोलाचा आहे. दात्याचे दान परत घेता येत नाही. ती धमनी बुजली तर एकाच कुटुंबातील दोन माणसांचे सोसणे वाया जाते.

निदान : धमनीचा आवाज

महाराष्ट्रीय समाजाला सोनोग्राफी हा शब्द प्रामुख्याने गर्भलिंगनिदानाच्या वादातून परिचित झाला. १९८८ मध्ये या गैरप्रकाराविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. त्याच यंत्राची दुसरी बाजू म्हणजे डॉप्लर तपासणी. हलत्या वस्तूकडून येणाऱ्या लहरींची वारंवारिता बदलते, हे तत्त्व ख्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले. वाहत्या रक्ताला ते लागू केल्यावर शरीर न छेदता धमनीतील प्रवाह ऐकता व पाहता येऊ लागला.

निरोगी धमनीत प्रत्येक ठोक्याला प्रवाह झपाट्याने उसळी घेतो. वाट अरुंद असेल तर अरुंद जागेत वेग वाढतो आणि पलीकडे मात्र लाट उशिरा व मंद चढते. १९९४ मध्ये डॉड व सहकाऱ्यांनी प्रत्यारोपित रुग्णांच्या अभ्यासातून दोन मापे सुचविली : प्रवाहाचा रोधनिर्देशांक ०.५ पेक्षा कमी असणे आणि लाट चढण्यास ०.०८ सेकंदापेक्षा अधिक वेळ लागणे. ही लक्षणे दिसल्यास सीटी अँजिओग्राफी व आवश्यकतेनुसार नळीद्वारे अँजिओग्राफी करून निदान पक्के केले जाते. रुग्णाला ताप, कावीळ किंवा वेदना यांपैकी काहीही नसताना ही तपासणी करावी लागते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. त्रास सुरू होईपर्यंत थांबल्यास पित्तनलिकांची हानी होऊन गेलेली असू शकते.

उपचार : शस्त्रक्रियेकडून फुग्याकडे

प्रारंभी अरुंद सांध्यावर पुन्हा पोट उघडून तो भाग कापणे व नव्याने जोडणे हाच मार्ग होता. पर्याय आला तो पायाच्या धमनीवरील उपचारातून. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या मांडीतील अरुंद धमनी एकात एक बसणाऱ्या नळ्यांनी रुंद केली. पायाच्या बोटांना गँगरीन झाले होते आणि पाय कापण्यास तिने नकार दिला होता. तिचा पाय वाचला. अमेरिकेतील शल्यविशारदांनी या पद्धतीकडे प्रदीर्घ काळ साशंकतेने पाहिले. युरोपात मात्र ती रुजली. जर्मनीत जन्मलेल्या आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी नळीच्या टोकाला फुगा बसविला आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिक येथे हृदयाच्या धमनीवर पहिली बलून अँजिओप्लास्टी केली. भारतात ती १९८६ मध्ये चेन्नई येथे डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलरिक्कल यांनी केली. त्याच वर्षी युरोपात हृदयधमनीत जाळीदार धातूची नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यास आरंभ झाला.

प्रत्यारोपित यकृताच्या धमनीवर फुग्याने केलेल्या उपचारांच्या नोंदी १९८० च्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी पोटातील महाधमनीत व तेथून यकृत धमनीत नेली जाते. अरुंद जागेतून केसासारखी तार ओलांडली की तिच्यावरून फुगा सरकवून फुगवितात. वाट पुन्हा आकसत असेल किंवा अस्तर फाटले असेल तर स्टेंट बसवितात. यकृत धमनी जाडीने हृदयधमनीच्या जवळपासची असल्याने हृदयासाठी घडविलेली बारीक साधने येथे उपयोगी पडली. केवळ फुगा आणि स्टेंट यांच्या तुलनेत पुढील काळातील आढाव्यांत दीर्घकालीन फरक फारसा ठरविता आलेला नाही. म्हणून धमनीची रचना पाहून निवड केली जाते. उपचारानंतर रक्तातील चकत्या चिकटू नयेत यासाठी ॲस्पिरीनसारखी औषधे दिली जातात.

हा मार्ग निर्धोक नाही. धमनी फाटणे, तिचे अस्तर सुटणे, गुठळी होणे हे धोके आहेत. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टाके ताजे असल्याने फुगा फुगविणे विशेष जोखमीचे ठरते व अशा वेळी पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार होतो. रुंद केलेली वाट काही महिन्यांनी पुन्हा अरुंद होऊ शकते. त्यामुळे उपचारानंतरही डॉप्लर तपासणीचे चक्र चालूच राहते. खर्चाचा प्रश्नही आहेच. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयधमनीच्या स्टेंटच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. साधनांच्या किमती हा सार्वजनिक धोरणाचा विषय असल्याचे त्यातून अधोरेखित झाले.

कामोठ्याचे स्थान

वरील इतिहासात लिआँ, डेन्व्हर, क्योटो, झ्युरिक ही नावे येतात. कामोठ्याचे नाव येत नाही. तथापि रुग्णाच्या जीवनक्रमाकडे पाहिले की चित्र पालटते. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, देखरेख आयुष्यभराची. पहिल्या काही महिन्यांत वारंवार रक्ततपासणी व सोनोग्राफी, नंतर ठरावीक अंतराने तपासणी आणि नकार रोखणारी औषधे कायमची, असा हा क्रम आहे. कामोठे ते परळ हे अंतर नकाशावर थोडे दिसते. अशक्त रुग्ण, सोबतचा नातलग, लोकलची गर्दी आणि बुडणारा रोजगार यांच्यासह ते मोजले तर तपासणी लांबणीवर का पडते हे कळते. मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकावरून निघणाऱ्या माणसाला स्वतःला निरोगी वाटत असते. लक्षण नसलेल्या दोषासाठी दिवस मोडावा, हे त्याला पटावे तरी कसे?

येथे स्थानिक संस्थांचे कार्य तीन प्रकारचे ठरते. पहिले, यकृत धमनीचा डॉप्लर अभ्यास काळजीपूर्वक करून अहवालात मापे नोंदविणे. केवळ ‘रक्तप्रवाह आहे’ एवढी नोंद पुरेशी नसते. दुसरे, संशय येताच रुग्णाला प्रत्यारोपण केंद्राकडे तातडीने पाठविणे. तिसरे, अवयवदान. अधिनियमातील २०११ च्या दुरुस्तीने प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांनाही अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करण्याचा मार्ग खुला केला. महामार्गांच्या संगमावरील या परिसरात मेंदूमृत्यूची वेळेवर घोषणा व दात्याच्या कुटुंबाशी सन्मानपूर्वक संवाद यांना किती महत्त्व आहे हे सांगणे नलगे. दात्याच्या देहातून धमनी निगुतीने काढली गेली, तर पुढील अरुंदपणाचे एक कारण मुळातच टळते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. यकृत प्रत्यारोपणाची प्रगती एकाच शोधाने झाली नाही. भरतकामाची सुई, बुरशीपासूनचे औषध, ध्वनिलहरींचे गणित आणि फुगा लावलेली नळी या परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी एका बारीक धमनीपाशी एकत्र आल्या. या धमनीच्या प्रश्नाचे महत्त्व रुग्ण अधिक काळ जगू लागल्यावरच कळले. म्हणजे एका यशाने पुढील अडचण उघड केली. आणि अरुंद धमनीवरील उपचाराचे यश उपचारकाच्या कौशल्याइतकेच निदानाच्या वेळेवर अवलंबून राहिले आहे.

के. ई. एम. रुग्णालयातील १९६८ च्या प्रयोगाला कौशल्य असूनही औषधे व कायदा यांची साथ मिळाली नाही. आज ही दोन्ही उपलब्ध आहेत. या पुढचा टप्पा रुग्णाच्या घराजवळच्या देखरेखीचा आहे आणि तो मुंबईतील मोजक्या रुग्णालयांत पूर्ण होणारा नाही. कामोठ्यासारख्या उपनगरातील सोनोग्राफी कक्षात, कोणतीही तक्रार नसलेल्या रुग्णाच्या पोटावर यंत्र ठेवून धमनीचा आवाज लक्षपूर्वक ऐकणाऱ्या तंत्रज्ञाची व वैद्याची नोंद प्रत्यारोपणाच्या इतिहासात अद्याप झालेली नाही. दात्याने दिलेले यकृत टिकवून धरण्यात त्यांचा वाटा मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या हातांपेक्षा कमी नाही.